श्यामला बसली नाही

पहिल्या महिन्यात वेणूबाईंनी ते मनावर घेतलं नाही. नवी जागा, नवं पाणी, पोरीचं थोडं मागेपुढे झालं असेल, असं म्हणून सोडून दिलं. दुसऱ्या महिन्यात मनात पाल चुकचुकली. आणि तिसरा महिना निम्मा सरला तरी श्यामलानं मागच्या पडवीतल्या चटईला हात लावला नाही, तेव्हा मात्र वेणूबाईंना ते सोडून देता येईना.

हुबळीत कोप्पीकर रोडच्या मागच्या गल्लीत मराठी मुलींची शाळा होती. शाळा म्हणजे एक भाड्याचं घर. पुढच्या खोल्यांत वर्ग, मागच्या दोन खोल्यांत मुख्याध्यापिका वेणूबाईंचं बिऱ्हाड, आणि त्याच्याही मागे परसाकडे उघडणारी पडवी. वेणूबाई पंधराव्या वर्षी विधवा झाल्या. भावानं धारवाडला ट्रेनिंगला घातलं म्हणून पायावर उभ्या राहिल्या, आणि आता चव्वेचाळिसाव्या वर्षी त्यांच्या शब्दाशिवाय त्या शाळेत घंटा वाजत नव्हती. श्यामला ही जूनमध्ये आलेली नवी शिक्षिका. अळनावरच्या पोस्टमास्तरांची थोरली, मॅट्रिक पास, वय चोवीस, लग्न झालेलं नाही. बिनलग्नाच्या शिक्षिकेनं मुख्याध्यापिकेच्या नजरेखाली राहावं असा शाळेच्या कमिटीचा दंडक होता. तेव्हा तिची वळकटी वेणूबाईंच्या दुसऱ्या खोलीत येऊन पडली.

आता पडवीचं सांगायला हवं. त्या काळी घरातली बाई महिन्याची 'बाहेरची' झाली की चार दिवस बाजूला बसे. तिची चटई वेगळी, तांब्या वेगळा, घोंगडी वेगळी. तिनं कशाला शिवायचं नाही, चुलीकडे फिरकायचं नाही. चौथ्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतलं की ती पुन्हा घरात. पोरांनी विचारलं तर कावळा शिवला म्हणून सांगायचं. हे सगळं शुचितेसाठी, असं सगळे म्हणत. पण त्यातली खरी सोय कोणी बोलून दाखवत नसे. कोणत्या घरातली कोणती बाई कधी बसली आणि कधी बसली नाही, हे अख्ख्या गल्लीला पंचांगातल्या तिथीसारखं तोंडपाठ असे. बाईच्या पोटातली गोष्ट तिच्या स्वतःच्या आधी शेजारणीला कळावी, यासाठी याहून चांगली व्यवस्था सरकारलासुद्धा सुचली नसती.

शाळेतही तोच नियम. कुठे लिहिलेला नव्हता, पण लिहिलेल्याहून कडक होता. शिक्षिकेनं ते चार दिवस शाळेचा उंबरा ओलांडायचा नाही. मुली घरी जाऊन स्वयंपाकघरात शिरणार, देवाजवळ बसणार. विटाळ कुठून कुठे जाईल याचा नेम नाही.

या नियमापायी इंग्रजीचा वर्ग नऊ वर्षं अडून राहिला होता. कमिटीचे चेअरमन पद्मनाभराव, नावाजलेले वकील. स्त्रीशिक्षणावर भाषण करताना त्यांचा गळा भरून येई आणि समोर बसलेल्या बायका डोळ्यांना पदर लावत. माणूस वाईट नव्हता. अशा गोष्टी करायला वाईट असावं लागत नाही. ते म्हणत, "वेणूबाई, माझी फार इच्छा आहे हो. पण महिन्यातले चार दिवस वर्ग ओस पडून कसं चालेल? नेमका त्याच दिवशी इन्स्पेक्टर आला तर काय सांगू? आणि पुरुष मास्तर नेमावा, तर पालक दुसऱ्या दिवशी मुलींची नावं काढतील." झालं. बाई ठेवावी तर ती बाई आहे, आणि पुरुष ठेवावा तर तो पुरुष आहे. मुलींनी चौथीनंतर घरी बसून लोकरीची फुलं विणायची.

यंदा मात्र जूनपासून वर्ग सुरू झाला होता. श्यामलावर सोपवून, दसऱ्यापर्यंत चाचणी म्हणून. अकरा मुली होत्या. वेणूबाईंनी स्वतः घरोघर जाऊन पालकांच्या विनवण्या केल्या होत्या. चाचणी पार पडली तर वर्ग कायम, नाहीतर अकरा जणी आपापल्या माजघरात. हे वेणूबाई पुरतं जाणून होत्या.

पण माणसाच्या मनाला एकच खोली नसते. वेणूबाईंना इंग्रजी येत नव्हतं. व्हरांड्यातून जाताना त्या वर्गातून हसण्याचे आवाज यायचे, मुली एका सुरात काहीतरी म्हणायच्या आणि वेणूबाईंना त्यातला शब्द कळायचा नाही. वीस वर्षं ज्या शाळेत खडूचा तुकडासुद्धा आपल्या नजरेतून सुटला नाही, तिथे एक खोली अशी झाली की जिथे आपण परक्या. आज वर्ग दिला, उद्या खुर्ची देतील, हा किडा डोक्यात वळवळायला लागला होता. संशय येतो तो असा, आपल्या सोयीची वाट धरून.

आणि मग श्यामला बसली नाही.

वेणूबाईंनी डोळ्यांत तेल घालून पाहायला सुरुवात केली. पोरगी सकाळी उठायची ती तोंड पांढरं घेऊन. एकदा वर्ग सुटल्यावर खुर्चीवर बसूनच डुलकी घेताना दिसली. डब्यातली चिंच कमी झाली. दूध नको म्हणाली. परसातल्या दोरीवर वेणूबाईंनी रोज नजर टाकली. लुगडी, परकर, चोळ्या, पण जे दिसायला हवं ते एकदाही दिसलं नाही. एवढ्यावर एखादी बाई थांबली असती. पण कोप्पीकर रोडवर प्रभंजन नावाच्या तरुणाचं पुस्तकांचं दुकान होतं, आणि श्यामला दर रविवारी दुपारी तिकडे जायची. एका रविवारी वेणूबाई खडूची पेटी आणायच्या निमित्तानं मागोमाग गेल्या. समोरच्या कापडाच्या दुकानात उभं राहून, नको असलेल्या छिटाचा पोत बोटांनी चाचपत त्यांनी पाहिलं. प्रभंजननं कागदात गुंडाळलेलं पुस्तक पुढे केलं, श्यामला काहीतरी बोलली, आणि तो हसला. पुस्तकाच्या दुकानात पुस्तक दिलं जातं, आणि गिऱ्हाइकाशी दुकानदार हसतोही. पण ज्याला पाहायचंच असतं त्याला एवढं पुरतं. खडूची पेटी न घेताच वेणूबाई परत आल्या.

शाळेत भागीरथी नावाची बोलावणारी बाई होती. सकाळी घरोघर जाऊन मुलींना गोळा करून आणायचं आणि सुटल्यावर परत पोचवायचं, हे तिचं काम. त्यामुळे कमरीपेठेपासून देशपांडे नगरापर्यंत तिचा पाय लागला नाही असं मागचं दार नव्हतं. शिक्षिकांना ती कानडी चालीनं 'अक्कोरु' म्हणे. एके सकाळी परसात चहाची कपबशी हातात धरून तिनं पडवीकडे पाहिलं आणि सहज म्हणाली, "अक्कोरु, धाकट्या अक्कोरु अजून बसल्या न्हाईत व्हय?"

"तुला काय करायचंय?" वेणूबाई म्हणाल्या.

"मला काय करायचंय! इचारलं आपलं. आषाढात बी न्हाई, श्रावणात बी न्हाई. यव्वा, ह्यो भादवा आला की."

भागीरथीनं बशी विसळून पालथी घातली आणि ती गेली. वेणूबाईंना कळून चुकलं की आता ही गोष्ट आपल्या एकटीची राहिलेली नाही.

शनिवारी देशपांडे नगरातून निरोप आला. पद्मनाभरावांच्या पत्नी चंद्रभागाबाई, ज्यांना सगळे वहिनी म्हणत, त्या कमिटीच्या स्त्री-विभागाच्या प्रमुख होत्या. शिक्षिकांच्या वागणुकीकडे लक्ष ठेवणं हे त्यांचं काम, कारण पुरुषांनी असल्या गोष्टीत पडणं बरं दिसत नाही. वहिनींनी वेणूबाईंना पाटावर बसवलं, ताक दिलं, गणपतीच्या आरासीची विचारपूस केली. मग आवाज खाली आणला.

"वेणूबाई, तुमची श्यामला चांगली आहे ना?"

"चांगली आहे की."

"तब्येतीनं म्हणते मी. बसते ना वेळच्या वेळी?"

इथे वेणूबाई बोलू शकल्या असत्या. बसते म्हणता आलं असतं, ठाऊक नाही म्हणता आलं असतं, आजारी आहे म्हणता आलं असतं. त्यांनी ताकाचं भांडं खाली ठेवलं, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "मी काय सांगणार, वहिनी? मी आपली दिवसभर शाळेत." आणि एक सुस्कारा सोडला.

त्या सुस्काऱ्याचा मला फार राग येतो. उघड खोटं बोललेलं परवडतं. ते उद्या खोडून काढता येतं. सुस्काऱ्याला कोणी कसं खोडणार? वहिनींना हवं ते सगळं त्या एका श्वासात मिळालं.

"शुक्रवारी घेऊन या तिला इथे," वहिनी म्हणाल्या. "आपण बायका बायकाच बसू. सुईणीला बोलावून ठेवते. उगाच कोणावर आळ नको, काय? एकदा पाहून घेतलं म्हणजे झालं."

वेणूबाई टांग्यात बसल्या तेव्हा त्यांच्या मनात पहिल्यांदा आलं की आपण जे केलं ते आपल्याला करायचं होतं का. पण टांगा पुढेच जात होता.

सोमवारी वेणूबाईंची स्वतःची पाळी आली, म्हणजे यायची तारीख आली. त्यांनी पडवीतली चटई अंथरली, वेगळा तांब्या भरून घेतला, भागीरथीला ऐकू जाईल अशा बेतानं "मी बाहेर बसले आहे गं, पहिलीच्या मुलींना आज गोष्ट सांगा म्हणावं" असं ओरडून सांगितलं, आणि घोंगडीवर पाय पसरून बसल्या.

खरी गोष्ट अशी की त्यांना बसायचं काही कारण नव्हतं. सहा वर्षांपूर्वी, अडतिसाव्या वर्षीच, त्यांचं सगळं थांबलं होतं. कुणाचं लवकर थांबतं, कुणाचं उशिरा. देहाला कोण विचारणार? पण विधवा बाईचा महिना चुकला तर लोक देहाला विचारत नाहीत, लोक शेजाऱ्याला विचारतात. पहिल्या चुकलेल्या महिन्यात वेणूबाई फार घाबरल्या. काही घडलेलं नव्हतं, घडण्यासारखं आयुष्यात कोणी नव्हतं, तरी घाबरल्या. आणि ठरल्या तारखेला गुपचूप जाऊन चटईवर बसल्या. पुढच्या महिन्यात पुन्हा बसल्या. मग ती सवयच झाली. महिन्यातले चार दिवस एक धडधाकट मुख्याध्यापिका आपली शाळा भिंतीपलीकडून ऐकत बसायची, आणि कमिटीतले लोक तेच चार दिवस दाखवून म्हणायचे, पाहा, बायकांच्या हाती वर्ग देऊन कसं चालेल.

हे गुपित उराशी बाळगणाऱ्या बाईनं दुसरीची चटई मोजावी! पण भ्यालेला माणूस दुसऱ्याच्या भीतीत आधी भागीदार होत नाही. आधी तो तिच्याआड लपतो.

त्या दिवशी श्यामलानं स्वयंपाक केला. वेणूबाईंच्या ताटात तिनं वरून भाकरी टाकली, वरून आमटी ओतली, शिवाशिव होऊ नये म्हणून हात आखडता घेऊन. वेणूबाई तिच्या पोटाकडे पाहत होत्या.

मंगळवारी उजाडता उजाडता वेणूबाईंना जाग आली. पडवीत झोपल्यामुळे परस समोरच होता. एरवी त्या आतल्या खोलीत झोपत, तिथून हे कधी दिसलं नसतं. विहिरीजवळच्या धुण्याच्या दगडापाशी श्यामला उकिडवी बसून भराभर काहीतरी चोळत होती. पाण्याला लालसर रंग होता. तिनं पिळून घेतलं, इकडे तिकडे पाहिलं, आणि ते ओले कपडे लाकडं ठेवायच्या खोपटात नेऊन ढलप्यांच्या मागे वाळत घातले.

वेणूबाई घोंगडीवर ताडकन उठून बसल्या.

"श्यामला!"

पोरगी जागच्या जागी थिजली.

"काय धूत होतीस?"

श्यामला जवळ आली. पडवीच्या पायरीशी थांबली. खोटं बोलावं की खरं, याचा तिच्या तोंडावर चाललेला झगडा वेणूबाईंना स्पष्ट दिसत होता. मग ती खांदे पाडून म्हणाली, "जे तुम्हांला वाटतंय तेच, अक्का. काल सकाळपासून."

वेणूबाईंच्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल? पोरगी निर्दोष आहे, देवा तुझे उपकार, असं काही आलं असेल असं तुम्हांला वाटेल. छे. पहिल्यांदा कालची आमटी आली. मग कालचाच गणपतीचा नैवेद्य, मग तीन महिन्यांचं सगळं जेवण, देवाचं पाणी, गौरीला लागलेले तिचे हात. "अगं, तू... माझ्या चुलीवर..." म्हणत त्या उठल्या. अंघोळ करायला हवी होती. पण त्या स्वतःच 'बाहेर' बसलेल्या. विटाळशीला विटाळशीचा विटाळ होतो की नाही, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. त्या पुन्हा खाली बसल्या.

"तीन महिने?"

"तीन महिने."

"आणि शाळेत? वर्गात? मुलींना शिवत होतीस?"

"शिवत होते. पाटी तपासताना हात धरून अक्षर वळवत होते. एकीलाही काही झालं नाही, अक्का. एवढंच नव्हे, अकराही जणींना आता वाचता येतं."

"तुला लाज कशी वाटली नाही?"

"वाटली. दर वेळी वाटली. कपडे ओले असतात, कधी वाळत नाहीत, तसेच घ्यावे लागतात. पोट दुखतं म्हणून उभं राहवत नाही, तरी उभी राहते. चिंच चोखते, म्हणजे मळमळ थांबते." ओले हात तिनं पदराला पुसले. "पण पद्मनाभरावांनी नेमणुकीच्या वेळीच सांगितलं होतं. म्हणाले, बाई, एकही दिवस चुकता कामा नये, चुकला तर वर्ग बंद. मी म्हटलं, पण ते दिवस? तर हसले. म्हणाले, ते तुम्ही कसं जमवायचं ते जमवा, आम्ही विचारणार नाही."

पद्मनाभराव तसंच म्हणाले असणार, यात त्यांना तिळमात्र शंका वाटली नाही. आणि उद्या भर सभेत विचारलं तर असं काही बोललोच नाही म्हणतील, यातही वाटली नाही.

"त्यांनी शब्द पाळला," वेणूबाई हळूच म्हणाल्या. "ते विचारत नाहीत. वहिनी विचारतायत."

"काय विचारतायत?"

मग वेणूबाईंना सांगावं लागलं. शुक्रवार, देशपांडे नगर, सुईण. श्यामला आधी ऐकत राहिली, तिला समजलंच नाही. समजलं तेव्हा ती पायरीवर बसली.

"म्हणजे त्यांना वाटतं मी...?" पुढचा शब्द तिला उच्चारवेना. मग तिनं मान वर केली. "आणि तुम्हांला? तुम्हांलाही तसंच वाटलं?"

वेणूबाईंनी तांब्याकडे पाहिलं.

"तुम्ही काय सांगितलंत त्यांना, अक्का?"

"मी काही सांगितलं नाही."

"काहीच नाही?" श्यामला म्हणाली. "म्हणजे सगळंच सांगितलंत."

ती उठून आत गेली. त्या दिवशी तिनं भाकरी वरून टाकली नाही. ताट जमिनीवर सरकवलं आणि निघून गेली. भिंतीपलीकडून नेहमीसारखा इंग्रजीचा वर्ग ऐकू येत होता. वेणूबाईंना अजूनही त्यातला शब्द कळत नव्हता, पण आता तो सूर कानाला टोचत नव्हता. वीस वर्षांत आपण काय काय जपलं याची त्या उजळणी करत बसल्या, आणि खुर्ची सोडून त्यांना फारसं काही आठवलं नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शुक्रवारी दोघी टांग्यानं गेल्या.

वहिनींच्या माजघरात सतरंजी घातली होती. वहिनी, शेजारच्या डॉक्टरांच्या पत्नी, म्हणजे डॉक्टरीणबाई, आणि वहिनींच्या माहेरच्या म्हाताऱ्या आत्याबाई, अशा तिघी बसल्या होत्या. स्वयंपाकघराच्या दाराशी सुईण पाय दुमडून सुपारी कातरत होती. पद्मनाभराव बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होते. मधलं दार लोटलेलं होतं, पण कडी घातलेली नव्हती, आणि त्या पत्राची पानं फार वेळानं उलटली जात होती.

"बस बाळ," वहिनी श्यामलाला म्हणाल्या. "घाबरायचं काही कारण नाही. तू माझ्या मुलीसारखी. तीन महिने तू बाहेर बसली नाहीस, हे खरं ना?"

"खरं."

"मग आता तूच सांग. आपण बायकाच आहोत. बाई बसत नाही ती दोनच कारणांनी. एक, तिला दिवस गेलेले असतात. नाहीतर ती बसण्यासारखी असूनही बसत नाही, सगळ्यांच्या घरात विटाळ कालवते. तिसरं काही असतं का?"

आत्याबाईंनी मान डोलावली. सुईणीचा अडकित्ता थांबला.

वहिनींचं गणित बिनचूक होतं. खरं बोलली तर वर्ग आजच बंद, अकरा घरांत शुद्धीचं पाणी शिंपडलं जाणार, आणि धारवाड जिल्ह्यात श्यामलाला कोणी शाळेच्या ओट्यावर उभं करणार नाही. गप्प बसली तर सुईण आतल्या खोलीत नेणार. नंतर सुईणीनं काही नाही म्हणून सांगितलं तरी तिला आत नेलं होतं एवढं गल्लीला पुरेल. अळनावरला बापाच्या कानावर तेवढंच जाईल.

श्यामलानं ओठ ओले केले. "वहिनी, खरं सांगायचं तर मी..."

"असतं," वेणूबाई म्हणाल्या.

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"काय असतं?" वहिनींनी विचारलं.

"तिसरं. तुम्ही विचारलंत ना, तिसरं काही असतं का? असतं. बसण्यावरून काही कळत नाही, वहिनी. काहीसुद्धा कळत नाही. मी सोमवारी बसले होते. भागीरथीनं सांगितलंच असेल."

"हो, सांगितलं की."

"मला बसायचं काही कारण नव्हतं. माझं सगळं थांबून सहा वर्षं झाली. सहा वर्षं मी दर महिन्याला पडवीत बसते आणि तुमच्यातल्या एकीलाही कळलं नाही. मग ही बसली नाही यावरून तुम्हांला काय कळणार आहे? पोरीची प्रकृती तोळामासा आहे, दिवसभर उभी राहून शिकवते, कुणाचं मागेपुढे होतं, कुणाचं राहतं. माझं राहिलंच की. तिला आत न्यायचं असेल तर आधी मला न्या."

बाहेर वर्तमानपत्राचं पान उलटायचं थांबलं. डॉक्टरीणबाईंच्या तोंडाला पदर गेला. श्यामला वेणूबाईंकडे अशी पाहत होती, जणू तिनं ही बाई आजच पहिल्यांदा पाहिली.

"अगंबाई," वहिनी शेवटी म्हणाल्या. "कारण नव्हतं तर बसत कशाला होता?"

"तुम्ही विचाराल म्हणून."

मग वहिनींनी सुईणीला हातानं खूण केली, आणि सुईण पानाचं तबक उचलून मागच्या दारानं निघून गेली. वेणूबाईंनी श्वास सोडला. त्यांना वाटलं, संपलं. एवढं सोपं होतं तर इतकी वर्षं आपण का भ्यालो, असंही क्षणभर मनात येऊन गेलं.

वहिनींनी पदर खांद्यावरून सावरून घेतला. त्यांची नजर श्यामलावरून उठली आणि सावकाश वेणूबाईंवर येऊन थांबली. आवाज पहिल्यासारखाच गोड होता.

"वेणूबाई, कोणत्या साली थांबलं म्हणालात?"

"का?"

"काही नाही, विचारलं आपलं. अडतीस म्हणजे फारच लवकर, नाही का हो डॉक्टरीणबाई?"

"त्याच सुमाराला समारंभाची गाणी बसवायला शाळेत ते गाण्याचे मास्तर यायचे की," आत्याबाई छताकडे पाहत म्हणाल्या. "उंचसे. एकाएकी मिरजेला निघून गेले बघ."

वेणूबाईंना त्या मास्तरांचा चेहरासुद्धा नीट आठवत नव्हता. त्यांनी ताठ बसून साल सांगितलं, आणि महिनाही सांगितला. आत्याबाई बोटांच्या पेरांवर मोजू लागल्या, डॉक्टरीणबाई त्यांच्याकडे सरकून बसल्या, आणि लोटलेलं दार बाहेरून किंचित आणखी उघडलं. श्यामलाकडे आता कोणाचंच लक्ष नव्हतं.